दरवर्षी नवा विषय नको, जुनीच जागा द्या
पुण्यातील विद्यापीठांची अभ्यास मंडळे, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि प्रकल्प-मार्गदर्शक यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्य आणि सहकारी शिक्षकहो,

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचा प्रकल्प आला आहे. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरली तर संशोधन प्रकल्पही आहे. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरण अभ्यास पदवीला सक्तीचा झाला होताच, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकामाला होते. मुळा-मुठेचे पाणी, वेताळ टेकडीवरची झाडे, वस्तीतला उकाडा, ओढ्याचा पूर, कचरा, रहदारीचा धूर या विषयांवर पुण्यात दरवर्षी अहवालांची चळत तयार होते. स्पायरल बाइंडिंग होते, तोंडी परीक्षा होते, अहवाल विभागाच्या कपाटात जातो आणि कपाट भरले की रद्दीत.

या सगळ्या चळतीतून एक साधा प्रश्न सोडवून पाहा: म्हात्रे पुलाखालच्या पाण्यात दहा वर्षांपूर्वी मे महिन्यात सकाळी सात वाजता विरघळलेला प्राणवायू किती होता आणि आज किती आहे? उत्तर मिळत नाही. मोजणी झालेली असते, पण एका गटाने सकाळी, दुसऱ्याने दुपारी, तिसऱ्याने पुलाऐवजी घाटावरून, चौथ्याने पाऊस पडून गेल्यावर केलेली असते. आणि कच्च्या नोंदी कोणाकडेच नसतात. याचे मूळ विद्यार्थ्यांच्या आळसात शोधू नये. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘विषयाचे नावीन्य’ असा एक रकाना असतो, आणि मागच्या वर्षीच्याच जागी मागच्याच पद्धतीने मोजणाऱ्या गटाला तिथे गुण मिळत नाहीत. पर्यावरणातला बदल मोजायचा आणि दरवर्षी नवा विषय मागायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

म्हणून आमची मागणी एकच आहे, बाकीचे सगळे तिच्या पोटातले. प्रत्येक महाविद्यालयाने दोन-तीन जागा आणि दोन-तीन मोजण्या कायमच्या पत्कराव्यात, दरवर्षीच्या तुकडीने त्या पुढे चालवाव्यात, आणि कच्च्या नोंदी जपाव्यात. नावीन्य त्या नोंदींच्या विश्लेषणात येऊ द्या.

हे पुण्यात होऊ शकते याचा पुरावा लक्ष्मी रस्त्यावर आहे. विसर्जन मिरवणुकीतली ध्वनिपातळी सीओईपीचे, म्हणजे शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, विद्यार्थी दोन दशकांहून अधिक काळ मोजत आले आहेत. तेच चौक, त्याच ठरलेल्या वेळा, दरवर्षी नवी मुले. म्हणूनच दर अनंत चतुर्दशीनंतर त्यांचा आकडा वर्तमानपत्रे छापतात आणि मागल्या वर्षाशी ताडून पाहतात. एखाद्या गटाने एकाच वर्षी, कितीही महागडे यंत्र आणून, कितीही चौकांत मोजले असते तरी त्याला हे वजन आले नसते. (जाता जाता: डेसिबलची सरासरी नुसती बेरीज-भागाकाराने काढू नये. ८० आणि १०० डेसिबलची ऊर्जा-सरासरी ९७ येते, ९० नव्हे. या एका चुकीने कित्येक ध्वनिप्रकल्प रस्ता आहे त्यापेक्षा शांत दाखवतात.)

आता नदीचे घेऊ, कारण सर्वांत जास्त प्रकल्प नदीवर होतात आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच.

प्राणवायू दिवसभर एकसारखा नसतो. शेवाळ आणि पाण्यातल्या वनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात, रात्री ओढून घेतात. त्यामुळे तो पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला असेल तर हिशेब पुन्हा वेगळा: पाने हवेत, मुळे पाण्यात, आणि खाली उजेडच नाही. महाविद्यालयाची बस साडेदहाला निघते म्हणून नमुना साडेअकराला घेतला, तर मोजले जाते ते बसचे वेळापत्रक. वेळ ठरवा, शक्यतो सूर्योदयानंतर तासाभरात, आणि ती कधीही बदलू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नमुना-ठिकाणेही याच नद्यांवर आहेत. त्यांपैकी एखादे निवडले तर आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतात.

नमुना पुलाच्या मधोमध बादली सोडून घ्यावा, काठावरून नाही. काठाशी नाल्याचे पाणी वेगळ्या धारेने वाहत असते आणि ते पुष्कळ अंतरापर्यंत मधल्या पाण्यात मिसळत नाही. बादलीतून ३०० मिलीच्या बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खर्च करतात त्याचे माप) बाटलीत पाणी रबरी नळीने, नळीचे टोक बाटलीच्या तळाशी टेकवून, बाटली दोन-तीनदा भरून वाहील असे सोडावे. वरून ओतले की हवा मिसळली आणि प्राणवायू वाढला. मग तिथेच, पुलावरच, मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिली, पिपेटचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून घालावे, बुडबुडा न राहता बूच बसवून बाटली उलटसुलट करावी. तपकिरी गाळ बसला तर प्राणवायू आहे. गाळ पांढराच राहिला तर प्राणवायू शून्य, आणि त्या बाटलीचे टायट्रेशन नाही केले तरी चालेल. विठ्ठलवाडीपासून मुंढव्याकडे जाताना उन्हाळ्यात हा पांढरा गाळ कुठून दिसू लागतो, एवढेच पाच वर्षे सलग नोंदवले तरी तो फार मोलाचा नकाशा होईल. प्रयोगशाळेत आम्ल घातल्यावर २०० मिली नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट लागते तितके मिली म्हणजेच तितके मि.ग्रॅ. प्रतिलिटर, इतका हिशेब सोपा आहे. मात्र थायोसल्फेटची तीव्रता दर खेपेला पोटॅशियम डायक्रोमेटने तपासावी लागते. गेल्या सत्रातली बाटली तशीच उचलून वापरली की तिथून पुढचे सगळे आकडे वाकडे.

बीओडीत आणखी मोठा खड्डा आहे. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून काढतात. पुण्याच्या उंचीवर २७ अंशांना पाण्यात प्राणवायू मावतोच मुळी साडेसात मि.ग्रॅ.च्या आसपास. म्हणजे नमुना पातळ न करता बाटलीत भरला तर बीओडीचे उत्तर साडेसातच्या वर जाऊच शकत नाही, मग आत सरळ मैलापाणी का असेना. ‘मुठेचा बीओडी ६.८’ असे लिहिलेले अहवाल याच जातीचे. नाल्याच्या तोंडापाशी ५, १० आणि २० टक्के, म्हणजे ३०० मिलीत १५, ३० आणि ६० मिली, असे तीन पातळ नमुने लावावेत. तिसऱ्या दिवशी ज्या बाटलीत किमान १ मि.ग्रॅ. प्राणवायू शिल्लक आहे आणि किमान २ मि.ग्रॅ. खर्च झाला आहे, तिचेच उत्तर ग्राह्य. तीन दिवसांचा हिशेब शिक्षकांनीही ध्यानात ठेवावा: गुरुवारी लावलेली बाटली रविवारी उघडावी लागते आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असते. सोमवारी उघडलेली बाटली चार दिवसांची झाली. नमुने सोमवारी किंवा मंगळवारी घ्या, सोडवणूक तेवढीच आहे. बाटल्या २७ अंशांना ठेवणाऱ्या उष्मापेटीला रात्रभर वीज राहील याची हमी प्राचार्यांनी द्यावी, कारण संध्याकाळी मुख्य बटण बंद करून जाण्याची शिस्त पुष्कळ ठिकाणी कडक आहे.

नदीच्या प्रत्येक नोंदीशेजारी एक आकडा लिहिलाच पाहिजे: त्या दिवशी खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक विसर्ग चालू होता. तो पाटबंधारे खाते जाहीर करते. विसर्ग चालू असताना मुठेचा बीओडी कमी दिसतो, कारण धरणाच्या पाण्याने मैला पातळ झालेला असतो. ऑगस्टचा आकडा एप्रिलशी ताडून ‘नदी सुधारली’ म्हणणारा निष्कर्ष विसर्गाचा रकाना असता तर लिहिलाच गेला नसता. आणि विसर्ग वाढवण्याची सूचना आली की नदीपात्रातल्या रस्त्यावर विद्यार्थी दिसता कामा नये. भिडे पूल पाण्याखाली गेलेला पाहायला गर्दी करणे पुणेकरांना शोभते, क्षेत्रप्रकल्पाला नाही. हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, धनुर्वाताची लस, आणि पायाला जखम असेल त्याने ओढ्यात उतरायचे नाही. लेप्टोस्पायरोसिस हा पुस्तकातला शब्द नव्हे.

इथे आम्ही अभ्यास मंडळांच्या मुख्य दोषाकडे येतो. तो वेळापत्रकाचा आहे.

पहिल्या सत्रात प्रवेश, विषयवाटप, मार्गदर्शक मिळणे आणि मंजुरी यांत ऑगस्ट संपतो. प्रत्यक्ष काम सप्टेंबरअखेर सुरू होते. दुसऱ्या सत्रात जानेवारीत विषय ठरतो, मार्चमध्ये अहवाल मागितला जातो, एप्रिल-मे परीक्षांचे. परिणाम असा की जुलै-ऑगस्टचा पाऊस आणि एप्रिल-मेचा उन्हाळा, म्हणजे पुण्यात हवामानाचा बदल माणसाला ज्या दोन काळांत सर्वांत जास्त जाणवतो नेमके तेच, विद्यार्थी-संशोधनात येतच नाहीत. आंबिल ओढ्याचा पूर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आला. सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले ते २५ जुलै २०२४ ला. अशा घटनांची उत्तम मोजणी विद्यार्थीच करू शकतात, कारण तिला यंत्रापेक्षा माणसे जास्त लागतात. पण ती ४८ तासांत व्हावी लागते.

पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहते. पाच मीटरचा टेप घ्यावा, रेघेची उंची जवळच्या गटाराच्या झाकणापासून किंवा इमारतीच्या जोत्यापासून मोजावी, टेपसकट छायाचित्र काढावे, रेघेवर ऑइलपेंटची बारीक खूण करावी, पाणी किती वाजता आले आणि किती वाजता उतरले हे दोन वेगवेगळ्या घरांत विचारावे. मोबाइल दाखवतो ती समुद्रसपाटीपासूनची उंची वापरू नये, ती सहज दहा मीटरने चुकते आणि इथे आपण सेंटीमीटर मोजतोय. एका गटाला दिवसात तीस-चाळीस खुणा जमतात. त्या नगररचनेच्या नकाशावर बसवल्या की पूररेषेबद्दलचा वाद निदान खऱ्या आकड्यांवर होतो. जानेवारीत काम सुरू केले तर यातले काहीच हाती लागत नाही. रेघा दिवाळीच्या रंगरंगोटीत गेलेल्या असतात आणि उरतात आठवणी. ‘पाणी छातीपर्यंत होतं’ हे खरेच असते, पण कोणाच्या छातीपर्यंत?

म्हणून नोंदणी मेमध्येच व्हावी. जागा आधीच ठरलेल्या असतील तर विषयमंजुरीला वेळ लागायचे कारणच उरत नाही. क्षेत्रप्रकल्पाचे दोन क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाचे ६० तास. ते एका सत्रात कोंबण्यापेक्षा जून ते मे असे पसरू द्या: पावसात २५, हिवाळ्यात १०, उन्हाळ्यात २५. परीक्षेच्या तीन आठवड्यांत पुढच्या वर्षीची तुकडी नोंदी घेईल. या अदलाबदलीत थोरल्यांनी धाकट्यांना जागेवर नेऊन बादली कुठून सोडायची ते दाखवावे. कागदावर लिहिलेले ‘पुलाचा मध्य’ दोन गट दोन ठिकाणी समजतात.

पावसाची मोजणीही अशीच फसवी. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. आज साडेआठला मोजलेला २४ तासांचा पाऊस आजच्या तारखेवर लिहिला जातो, जरी त्यातला बराच काल संध्याकाळी पडलेला असला तरी. मोबाइल ॲपचा दिवस मध्यरात्री बदलतो. दोन्ही आकडे शेजारी मांडून ‘वेधशाळेचा आणि आमचा पाऊस जुळत नाही’ असे लिहिण्याआधी एवढे पाहावे. पर्जन्यमापक गच्चीत कठड्याला लागून ठेवू नये. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवे, नाहीतर वारा पाऊस उडवून नेतो. पाच-सहा महाविद्यालयांनी कात्रज ते पाषाण असे मापक मांडले आणि रोज साडेआठलाच वाचले, तर ढगफुटीसारखा पाऊस शहराच्या कोणत्या बाजूला पडला हे शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या एका आकड्यावरून ओढूनताणून सांगावे लागणार नाही.

हवेतले सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५) मोजणाऱ्या स्वस्त संवेदकांबद्दल थोडक्यात. ते लेझरच्या उजेडात कण मोजतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खोटाच वाढतो. पावसाळ्यातल्या नोंदी त्यामुळे आर्द्रतेची नोंद नसेल तर फेकून द्याव्या लागतात. प्रत्येक संवेदक आधी निदान दोन आठवडे एखाद्या सरकारी मापन केंद्राशेजारी ठेवून दोघांचा फरक काढावा. ही जागा मिळवून देणे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाही. ते पत्र विभागप्रमुखांनी पाठवायचे.

उपग्रहाच्या नकाशांवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण भूगोल आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हल्ली तीच सोपी वाट वाटते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचे चित्र फुकट मिळते, लाल-पिवळा तापमानाचा नकाशा तासाभरात तयार होतो आणि ‘पुणे इतके अंश तापले’ हे वाक्य लिहून होते. पण हा उपग्रह पुण्यावरून जातो सकाळी अकराच्या सुमारास. तो मोजतो जमिनीचे आणि छपरांचे तापमान, माणूस श्वास घेतो त्या हवेचे नाही. त्याच्या उष्णतेच्या पट्ट्याचा मूळ चौकोन १०० मीटरचा, जो ३० मीटरचा करून दिला जातो. त्यामुळे एका गल्लीबद्दल काही बोलू नये. त्याहून वाईट म्हणजे नवा चकचकीत पत्रा उष्णता कमी उत्सर्जित करतो, म्हणून वरून तो थंड दिसतो, तर त्याच पत्र्याखालची खोली वस्तीत सर्वांत तापलेली असते. एक वर्षाचे मार्चमधले चित्र आणि दुसऱ्या वर्षाचे मेमधले चित्र यांची वजाबाकी तर करूच नये. तोच महिना, त्याआधीच्या आठवड्यात पाऊस नाही, आणि निदान तीन-तीन वर्षांची सरासरी, एवढे पथ्य पाळावे.

आणखी एक सापळा हद्दीचा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. जुन्या हद्दीतली हिरवाई आणि नव्या हद्दीतली हिरवाई यांची तुलना केली तर शहर एका रात्रीत हिरवे झालेले दिसते. लोकसंख्येचेही तसेच: २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून विद्यार्थी २०११ ची लोकसंख्या घेऊन आजच्या कचऱ्याला भागतात आणि दरडोई कचरा फुगवून ठेवतात. हद्द कोणती आणि लोकसंख्या कोणत्या सालाची, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहायला लावा.

उकाड्याचे खरे मोजमाप घरात करावे लागते. तापमान-आर्द्रता नोंदवणारे छोटे यंत्र जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीला न टेकवता, गॅसपासून आणि फ्रिजपासून दूर टांगावे आणि दर अर्ध्या तासाला नोंद होऊ द्यावी. पत्र्याचे घर, स्लॅबचे घर, झाडाखालचे घर अशी दहा-दहा घरे. दुपारच्या दोनपेक्षा रात्री दहा आणि पहाटे पाचचे आकडे जास्त सांगतात, कारण झोप त्या वेळी बिघडते. आणि इथून पर्यावरणाचा प्रकल्प माणसांच्या प्रकल्पात शिरतो, तेव्हा वेगळी काळजी सुरू होते.

वस्तीतले सर्वेक्षण सकाळी अकराला करू नका. त्या वेळी घरकामाला जाणाऱ्या बाया कामावर असतात, गवंडी आणि रिक्षावाले बाहेर असतात, भेटतात म्हातारी माणसे आणि सुट्टीवरची मुले. अहवालात मग ‘६० टक्के उत्तरदाते बेरोजगार’ असे येते आणि वस्तीची बदनामी होते. संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवार सकाळ ही वेळ धरा, आणि एका घरी दोनदा जाऊनही कोणी भेटले नाही तरच ते घर सोडा. भेटेल त्याला न विचारता दर पाचवे किंवा दहावे दार घ्यावे. किती घरे? पन्नास टक्क्यांच्या आसपासचा आकडा दहा टक्के मागेपुढे चालत असेल तर शंभर घरे, पाच टक्क्यांत हवा असेल तर जवळजवळ चारशे. तीस घरांवरून टक्केवारी दशांशापर्यंत लिहिण्याची सवय मार्गदर्शकांनी लाल शाईने मोडावी. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला गूगल फॉर्म आपल्याच मित्रांची मते गोळा करतो, त्याला नागरिकांचे सर्वेक्षण म्हणू नये.

‘हवामानबदलामुळे तुमच्या आरोग्यावर परिणाम झाला असे वाटते का?’ हा प्रश्न विचारला की सगळे हो म्हणतात, कारण विचारणाऱ्याला काय हवे आहे ते त्यातच आहे. ‘गेल्या सात रात्रींत किती रात्री उकाड्याने उठून बाहेर येऊन बसलात?’ असे विचारा. ‘गेल्या आठवड्यात पाण्याच्या टँकरला किती रुपये दिले?’ असे विचारा. ‘इथे किती साली राहायला आलात?’ हा प्रश्न शक्यतो टाळाच. झोपडीला संरक्षण मिळण्यासाठी १ जानेवारी २००० आणि नंतर १ जानेवारी २०११ या तारखा महत्त्वाच्या झाल्यावर या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात तयार असते, आणि अनोळखी मुलगा वही घेऊन ते विचारतो तेव्हा लोक त्याच्यामागे बुलडोझर पाहतात. हवेच असेल तर ‘तुमचं थोरलं मूल या वस्तीत आलं तेव्हा केवढं होतं?’ यातून अंदाज येतो. संमतीच्या कागदावर सही मागितली की निम्मी दारे बंद होतात. तोंडी संमती घ्या, मराठीत किंवा हिंदीत, काही वस्त्यांत कन्नड किंवा तेलुगू बोलणारा सोबती घेऊन. नाव, आधार, घराचे नेमके जीपीएस स्थान नोंदवू नका. अशी यादी एकदा तयार झाली की ती कोणाच्या हाती जाईल यावर विद्यार्थ्याचा ताबा राहत नाही. पूरग्रस्त ओढाकाठच्या घरांची यादी म्हणजे उद्याची अतिक्रमणांची यादी, हे आंबिल ओढ्याच्या काठावर कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आणि निष्कर्ष परत द्या. एक ए-फोर कागद, मराठीत, मोठ्या टाइपात, समाजमंदिराच्या फलकावर. हे करणे जमते म्हणून तर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीसारखी कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये पुण्यात उभी राहू शकली. एसएनडीटी विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातून कचरावेचकांशी जोडलेला धागा अहवालात अडकून पडला नाही. प्रत्येक प्रकल्पातून चळवळ निघावी असे आम्ही म्हणत नाही. एका घरातले सर्वेक्षण बारा मिनिटांत संपवावे आणि शब्द दिलेला कागद लावावा, एवढे पुरे.

आता तुमच्या अधिकारातले. ५० गुणांच्या क्षेत्रप्रकल्पात आजचे बहुतेक गुण छापील अहवालाला आणि सादरीकरणाला जातात. त्यातले २० कच्च्या नोंदवहीला द्या: जागेवर शाईने लिहिलेली, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही केलेली, प्रत्येक नोंदीला वेळ, हवामान, यंत्राचा क्रमांक आणि शेवटचे कॅलिब्रेशन. आणखी १० गुण मागच्या वर्षीच्या नोंदींशी जुळणी करून फरकाचे कारण शोधण्याला. ‘विषयाचे नावीन्य’ हा रकाना काढून टाका. फसलेल्या मोजणीची कारणासकट नोंद केली तर गुण कापू नका. नाहीतर मुले फसलेले आकडे ‘दुरुस्त’ करतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर जातात. पदवीच्या आणि पदव्युत्तर प्रकल्पांना असे घर नाही, आणि प्रबंधांतही कच्चे आकडे क्वचितच असतात. प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयाने साध्या सीएसव्ही फायली (कोणत्याही संगणकावर उघडणारे आकड्यांचे तक्ते) आणि सोबत एक पानाची माहितीपत्रिका ठेवून घ्यावी: जागा, अक्षांश-रेखांश, पद्धत, यंत्र, वेळ, कोण जबाबदार. घरोघरच्या सर्वेक्षणाचे तक्ते मात्र खुले ठेवू नयेत, वस्तीपातळीची बेरीज तेवढी द्यावी. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. विद्यार्थ्यांच्या सलग नोंदी त्यात घ्यायच्या तर त्या आधी सापडायला हव्यात.

खर्च फार नाही. विरघळलेला प्राणवायू आणि बीओडी मोजण्याची काचसामग्री बहुतेक रसायनशास्त्र विभागांत आहेच. टेप, दोर, बादली, पर्जन्यमापक आणि दहा तापमान-नोंदक एवढेच नवे. पीएच मीटरची ४, ७ आणि ९.२ ची बफर द्रावणे मात्र मुदत पाहून घ्या आणि बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. महागडे यंत्र आणि जुने बफर ही जोडी प्रयोगशाळांत फार दिसते.

अभ्यास मंडळांच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. तोपर्यंत कोणत्याही परिपत्रकाशिवाय एक गोष्ट करता येईल: मार्गदर्शकांनी कपाटातले गेल्या पाच वर्षांचे अहवाल उघडावेत, ज्यांत जागा, तारीख आणि वेळ तिन्ही लिहिलेले आहे तेवढे बाजूला काढावेत आणि जूनमध्ये येणाऱ्या गटाला त्यांतल्याच एका जागेवर, त्याच वेळी पाठवावे.

कळावे,
नदी, हवा आणि वस्ती या विषयांवर पुण्यात क्षेत्रकाम शिकवणारे आणि करणारे काही जण

ता. क. नोंदवही पेन्सिलने लिहू देऊ नका आणि जेल पेननेही नाही, पावसात जेलची शाई पसरते. साधे बॉलपेन आणि जाड पुठ्ठ्याची वही. पानांचा मोबाइलवर फोटो त्याच दिवशी, घरी जायच्या आधी.